महापालिकेला हवेबद्दल आणि मैदानांबद्दल प्रश्न विचारताय? या चुका टाळा

दादरच्या शिवाजी पार्कभोवती राहणारे लोक कित्येक हिवाळे तेच सांगत आले आहेत. मैदानावर टाकलेली लाल माती वाळते, वारा सुटला की उडते आणि आजूबाजूच्या घरांत शिरते. महापालिकेने पाणी मारून पाहिले, आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला. २०२५ मध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने मैदानावरची सुटी माती हटवण्याबाबत महापालिकेला निर्देश दिले. जिथे एका सरकारी यंत्रणेला दुसरीकडून काम करून घेण्यासाठी निर्देश द्यावे लागतात, तिथे खिडकीतून दिलेले तोंडी गाऱ्हाणे कुठवर पोचणार?

हे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण यात हवा आणि मैदान हे दोन्ही प्रश्न एकाच मातीत कालवलेले आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत असेच असते. बागेशेजारी बांधकाम चालू असते, क्रीडांगणाच्या कोपऱ्यात कचरा जळत असतो, पोहण्याचा तलाव ‘दुरुस्तीसाठी बंद’ असतो. लोक तळमळीने विचारतात, पण उत्तर हाती लागत नाही. माझ्या मते याचे मोठे कारण म्हणजे त्या प्रश्नाला पत्ता नसतो. कुठली जागा, कुठली तारीख, कुठले खाते आणि कुठला कागद हे प्रश्नातच आले, तर अधिकाऱ्याला त्यातून निसटणे अवघड जाते.

‘हवा फार खराब आहे, काहीतरी करा’

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. या वाक्याला ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे’ एवढे उत्तर पुरते आणि ते खोटेही ठरत नाही.

त्याऐवजी महापालिकेने स्वतःच काढलेला नियम हातात घ्या. मुंबईत २५ ऑक्टोबर २०२३ रोजी महापालिकेने धूळ रोखण्यासाठी २७ मुद्द्यांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारत किंवा एक एकरापेक्षा मोठा भूखंड असेल, तर भोवती किमान ३५ फूट उंच पत्रे. लहान भूखंडाला २५ फूट. बांधकाम चालू असलेली इमारत हिरव्या कापडाने, तागाच्या कापडाने किंवा ताडपत्रीने झाकलेली हवी. माल उतरवताना पाणी मारायचे, राडारोड्याचा ट्रक झाकायचा, बाहेर पडताना त्याची चाके धुवायची. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली, त्यामुळे या नियमांमागे न्यायालयाचा डोळाही आला.

आता प्रश्न असा लिहिता येतो: ‘अमुक रस्त्यावरील अमुक भूखंडाची आपल्या पथकाने पाहणी कोणत्या तारखांना केली? पाहणी अहवालात पत्र्यांची उंची किती नोंदवली आहे? नोटीस दिली असल्यास तिचा जावक क्रमांक आणि त्यानंतर केलेली कारवाई कळवावी.’ सोबत तारीख-वेळ दिसणारे दोन फोटो जोडा. दहा फोटो नकोत. ट्रकची धुळीने माखलेली चाके आणि उघडा माल नीट दिसला की पुरे.

चुकीच्या दारावर ठोठावणे

हवा एका खात्याची नसते. रस्त्यावरची धूळ, बांधकाम, उघड्यावर जाळलेला कचरा हे महापालिकेकडे. कारखाने आणि तयार काँक्रीटचे प्लांट यांची संमतीपत्रे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. धूर सोडणारी गाडी आरटीओ आणि वाहतूक पोलिसांकडे. महापालिकेच्या आतही वाटण्या आहेतच: कचरा जळत असेल तर घनकचरा व्यवस्थापन, बांधकाम असेल तर विभाग कार्यालय आणि इमारत प्रस्ताव खाते, बागेतली किंवा मैदानातली माती असेल तर उद्यान खाते.

काही प्रश्नांना दोन मालक असतात. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांचेच घ्या. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, आणि त्यात महापालिका व मंडळ दोघांनाही काम आहे. अशा वेळी एकच पत्र दोघांच्या नावे पाठवू नका. दोन वेगळी पत्रे लिहा, प्रत्येकात त्या कार्यालयाच्याच कामाचा प्रश्न ठेवा आणि खाली दुसऱ्याला प्रत दिल्याचे नमूद करा. मग ‘ते त्यांच्याकडे येते’ असे म्हणायला जागा उरत नाही.

विभाग कार्यालयात पत्र दिले की आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवलेला निरोप ही नोंद नव्हे, मग साहेब कितीही चांगले असोत. साहेबांची बदली होते, निरोप त्यांच्याबरोबर जातो.

नगरसेवकांना विसरू नका. मार्च २०२२ पासून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत प्रशासक बसले होते आणि त्या काळात लोकांना थेट अधिकाऱ्यांकडे जायची सवय लागली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर सभागृहे पुन्हा भरली आहेत. तुमचा प्रश्न नगरसेवकाने प्रभाग समितीत लेखी विचारला, तर प्रशासनाचे उत्तर इतिवृत्तात येते. ‘साहेब, बघा जरा’ एवढ्यावर थांबू नका, प्रश्न टाइप करून हातात द्या.

मोबाइलवरचा आकडा पुढे करणे

इथे चांगले अभ्यासू लोकही अडकतात. फोनवरचे ॲप हवेचा निर्देशांक १५४ दाखवते, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप १०० दाखवते आणि बैठकीत अधिकारी म्हणतो, ‘तुमचा आकडाच चुकीचा आहे.’ पुढचा अर्धा तास त्यातच जातो.

खरे तर दोन्ही आकडे एकाच हवेचे असू शकतात. घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) असेल तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि त्याला ‘समाधानकारक’ म्हणतात. तीच हवा अमेरिकी मोजपट्टीवर १५४ च्या आसपास, म्हणजे आरोग्याला अपायकारक गटात जाते. अनेक परदेशी ॲप अमेरिकी पट्टी वापरतात. शिवाय सरकारी निर्देशांकातला पीएम २.५ चा आकडा २४ तासांची सरासरी असतो, तर ॲप बऱ्याचदा ताज्या तासाचा आकडा दाखवते.

म्हणून निर्देशांक बाजूला ठेवा आणि मायक्रोग्रॅममध्ये बोला. देशाची २००९ ची मानके स्पष्ट आहेत: पीएम २.५ साठी २४ तासांची मर्यादा ६० आणि वर्षाची ४०. पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी १०० आणि ६०. ‘आमच्या जवळच्या केंद्रावर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पीएम १० किती दिवस १०० च्या वर होते आणि त्या दिवशी आपण काय केले?’ या प्रश्नावर मोजपट्टीचा वाद निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा पीएम २.५ साठी वर्षाला ५ मायक्रोग्रॅम आहे. ती लोकांना जरूर सांगा, पण महापालिकेला जाब विचारताना देशाचे मानकच धरा, कारण तिला बांधून ठेवणारे तेच आहे.

सोसायटीने स्वतःचा स्वस्त सेन्सर बसवला असेल, तर त्याचा उपयोग वेळ ओळखायला करा. रात्री अकरानंतर आकडा रोज चढत असेल, तर त्या वेळी कुठले ट्रक येतात ते पाहता येते. पण दमट हवेत असे सेन्सर आकडा फुगवून दाखवतात, म्हणून पुरावा म्हणून त्यावर सगळी मदार ठेवू नका.

डिसेंबरात जागे होणे

मला सर्वांत जास्त हळहळ या चुकीची वाटते. थंडीत हवा खाली बसते, धूळ डोळ्यांना दिसते, आणि तेव्हा बैठका होतात. पण डिसेंबरात महापालिकेच्या हातात पाण्याच्या टँकरशिवाय फारसे काही नसते. मातीचा थर काढायचा, जमीन तयार करायची, गवत लावायचे तर त्याला निविदा लागते, निविदेला तरतूद लागते आणि गवताला पाऊस लागतो. उशिरा विचारलेल्या प्रश्नावर टँकर येतो, पाणी दुपारपर्यंत सुकते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

उलटा हिशेब करा. गवत जूनमध्ये रुजायला हवे असेल, तर कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) एप्रिल-मेपर्यंत निघायला हवा आणि त्यासाठी पैसे अर्थसंकल्पात हवेत. आयुक्तांचा अर्थसंकल्प वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मांडला जातो, म्हणजे मागणी दिवाळीच्या आधीच पोचलेली बरी. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. त्यासाठीचे अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयांत मागवले जातात. बाकावरचे छप्पर, बागेतले दिवे, पायवाट यांसारखी छोटी कामे तिथूनच मार्गी लागू शकतात.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरे आहेत. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर नाशिक, नागपूर, चंद्रपूर, सोलापूर, कोल्हापूर, सांगली हीसुद्धा आहेत. तुमचे शहर त्यात असेल, तर या कार्यक्रमातून किती रक्कम आली, कशावर खर्च झाली आणि घेतलेले यांत्रिक झाडू कोणत्या रस्त्यांवर कोणत्या दिवशी फिरतात, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बागेची अवस्था विचारणे, करारनामा न विचारणे

‘झोपाळा तुटलाय’, ‘तलाव बंद आहे’, ‘ओपन जिमचे बेअरिंग गेलेय’ या तक्रारी रास्तच आहेत. पण त्या सुविधेमागे बहुधा ठेकेदार असतो आणि खरी माहिती त्याच्या करारनाम्यात असते. देखभाल कोणाकडे, किती वर्षे, दुरुस्ती किती दिवसांत करायची, न केल्यास दंड किती, सर्वसामान्यांसाठी कोणते तास राखीव, शुल्क किती घ्यायचे, हे सगळे तिथे लिहिलेले असते. नव्या कामाला दोषदायित्व कालावधी असतो आणि त्यात मोडलेली वस्तू ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. वर्षाच्या आत गंजलेल्या घसरगुंडीसाठी महापालिका पुन्हा पैसे मोजत असेल, तर तुमच्या एका प्रश्नाने ते थांबू शकते.

आणि अजून न झालेले मैदान विसरू नका. विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखीव ठेवलेली जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. मैदान असे कागदावरच मरते. आपल्या प्रभागातल्या आरक्षित भूखंडांची यादी मागवा आणि कोणत्या जागांवर अशी नोटीस आली आहे ते विचारा. मुलांना खेळायला जागा उरेल की नाही, ते तुटलेल्या झोपाळ्यापेक्षा इथे ठरते.

माहिती अधिकारात ‘का’ विचारणे

‘मैदानाची वाट का लागली?’ याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. कायदा नोंदवलेली माहिती देतो, मत देत नाही. कागद मागा: कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयके, पाहणी अहवाल. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, शुल्क १० रुपये. हवा आणि तलाव एकाच अर्जात घातले, तर अर्ज फेटाळायला तुम्हीच निमित्त दिले. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील.

फार थोडे लोक वापरतात अशी एक तरतूद कलम २(ञ) मध्ये आहे: कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क. मैदानावर कुठली माती टाकली, निविदेत कुठली लिहिली होती, हा वाद नमुन्याने मिटतो.

आपसात न ठरवता बैठकीला जाणे

खेळाडूंना कोरडी खेळपट्टी हवी, शेजाऱ्यांना ओली माती हवी, फेरी मारणाऱ्यांना पक्की पायवाट हवी. हे तिघे अधिकाऱ्यासमोर भांडले की ‘नागरिकांमध्ये एकमत नाही’ अशी टिपणी होते आणि फाइल बंद होते. आधी बसा. खेळपट्ट्यांचा भाग सोडून उरलेल्या मैदानावर गवत, पाणी मारायची वेळ सराव संपल्यावर, असे काही कागदावर उतरवा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मैदान जात्या-येत्या मुलांचेही आहे, म्हणून जवळच्या शाळेच्या आणि झोपडवस्तीच्या लोकांनाही बोलवा. फक्त सोसायट्यांचे लेटरहेड असलेले निवेदन अपुरे आहे, आणि ते न्याय्यही नाही.

उत्तर आले, पण काम अडले

‘ही बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ माहिती अर्ज असेल तर कलम ६(३) नुसार पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणे त्यांचेच काम आहे. साधे पत्र असेल तर ‘मग कोणाच्या अखत्यारीत’ हे लेखी मागा.

‘निधी उपलब्ध नाही.’ त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या सदराखाली, यंदा किती तरतूद होती आणि किती खर्च झाली, ते विचारा. मार्चअखेर शिल्लक राहिलेली रक्कम बरेच काही सांगते.

‘कार्यवाही सुरू आहे.’ कार्यादेशाची तारीख, काम पूर्ण करण्याची मुदत आणि जबाबदार अभियंत्याचे पदनाम मागा.

‘तक्रार निकाली काढण्यात आली’ असा संदेश आला आणि ढिगारा तिथेच असेल, तर नवी तक्रार करताना जुना क्रमांक आणि त्या दिवशीचा फोटो जोडा. तेही फळले नाही, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी होणाऱ्या लोकशाही दिनासाठी अर्ज करा. तो आधीच द्यावा लागतो, आणि त्यासोबत आधीच्या सगळ्या पत्रांच्या शिक्का मारलेल्या प्रती लावाव्या लागतील.