ट्यूशन लावायच्या आधी जुनी वही उघडा

दहावीच्या गणिताची ट्यूशन लावत असाल तर आधी पोराची जुनी वही घेऊन बसा अन् चूक नेमकी कुठून सुरू होते ते बघा. माझ्याकडे धरमपेठेतून एक मुलगी यायची, बीजगणित जमतच नाही म्हणे, पण 1/2 + 1/3 चं उत्तर तिनं 2/5 लिहिलं, म्हणजे घोळ खालच्या वर्गातल्या अपूर्णांकातच होता, मग पोळीचे सहा तुकडे करून मोजायला लावले तेव्हा कुठे 5/6 डोक्यात बसलं. असं मागे जाऊन शिकवेल असाच मास्तर बघा. भूमितीलाही बीजगणिताइतकेच 40 मार्क आहेत, ती सोडू नका. अन् मे महिन्यात दुपारची बॅच नकोच, नागपूरचं ऊन माहीतच आहे, सकाळी सातची घ्या.