पाइपलाइनसाठी लेझर रेंजफाइंडर घेताय?

विहीर एका टोकाला, वावर दुसऱ्या टोकाला, मधे उभी तूर. टेप कुठून ओढणार? गोल्फ-शिकारीसाठी विकला जाणारा लेझर रेंजफाइंडर, म्हणजे लेझर मारून अंतर सांगणारं यंत्र, इथं झकास चालतो. महागडा नको, पण घेताना एवढं बघा:

1. डबीवरचा पल्ला चकचकीत पाटीवरचा असतो. झाडावर, ढेकळावर निम्मा मिळाला तरी खूप. 300 मीटर मोजायचंय तर 600 च्या वरचाच घ्या.
2. यार्डाचं मीटर करता येतं का? 400 यार्ड म्हणजे 366 मीटरच. वीसफुटी पाच-सहा नळ्यांचा घोळ होतो.
3. दुकानासमोरच टेपनं 30 मीटर मोजून भिंतीवर ताडून बघा. मीटरभर इकडंतिकडं चालतं.

खरी गंमत शेतात. तुरीतून नेम धरला की पहिल्याच फांदीचं अंतर दाखवतो. खताची रिकामी पांढरी गोणी उंच काठीला बांधून पलीकडं रोवा आणि शेंड्यांवरून गोणीवर धरा. दुपारच्या उन्हात पल्ला घटतो, म्हणून सकाळीच उरका. उतार असेल तर ‘स्लोप’ (उताराप्रमाणे अंतर बदलून दाखवणारी सोय) बंद ठेवा, कारण पाइपही तिरकाच जाणार.

बांधाच्या भांडणात मात्र हे माप काढू नका. तिथं भूमी अभिलेखची मोजणीच लागते.