जुनी गाडी सुरू व्हायला त्रास देते, तेव्हा दोष कसा शोधावा

पंधरा-वीस वर्षांची गाडी सेल्फ मारूनही लवकर सुरू होत नसेल, तर बहुतेक मालक सर्वप्रथम बॅटरी बदलतात आणि महिनाभराने पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहतात. सुटा भाग विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात: गाडी नेमकी केव्हा अडते आणि अडताना सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून देणाऱ्या मोटरचा, आवाज कसा येतो. सकाळी पहिल्यांदा अडणारी, पंढरपूरहून येऊन अर्धा तास उन्हात उभी राहिल्यावर अडणारी आणि चार दिवस जागेवरून न हलल्यावर अडणारी या तीन गाड्यांचे दोष सहसा वेगवेगळे असतात. सोलापुरात कडाक्याची थंडी अशी जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारासच काय ती पडते, त्यामुळे थंडीपायी अडणाऱ्या गाड्या येथे थोड्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर गेला की गरम इंजिन पुन्हा सुरू न होण्याची तक्रार मात्र जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाकडून ऐकू येते.

कामाला लागण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक ओढावा, हातातील अंगठी आणि धातूचे कडे काढून ठेवावे आणि आसपास कोणालाही बिडी-काडी पेटवू देऊ नये, कारण पुढे पेट्रोल आणि ठिणगी या दोहोंशी काम आहे. सेल्फ एका वेळी सात-आठ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे; सलग मारलेल्या सेल्फमुळे बॅटरी उतरतेच, शिवाय सेल्फच्या आतली तारांची गुंडाळी (वायंडिंग) जळण्याचा धोका असतो. अवजारांमध्ये एक साधा डिजिटल मल्टिमीटर, प्लग पाना, दहा व बारा नंबरचे पाने आणि काचपेपर एवढे पुरते.

सेल्फ मंद, ओढल्यासारखा फिरत असेल किंवा नुसतेच कट-कट वाजत असेल, तर दोष विजेच्या बाजूला आहे असे धरून चालावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू करण्याआधी, बॅटरीच्या टोकांवर मीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ आला तर ती निम्मी उरली आहे आणि १२ च्या खाली आला तर ती आधी चार्ज केल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी विश्वासार्ह ठरत नाही. त्यानंतर दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. भरलेली बॅटरी सेल्फ फिरताना साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर तिचे आयुष्य संपत आले आहे असे समजावे. गाडी सुरू झाल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. तो तेथपर्यंत चढत नसेल तर नवी बॅटरी आणूनही उपयोग नाही, कारण अल्टरनेटर तिला भरणारच नाही. उष्णता ही बॅटरीची मोठी शत्रू आहे: उन्हाळ्यात पाणी भराभर उडते, प्लेट उघड्या पडतात आणि एकदा वाळलेली प्लेट पूर्ववत होत नाही. म्हणून झाकणे असलेल्या बॅटरीची पातळी मार्चपासून दर पंधरा दिवसांनी पाहावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे; आपल्याकडच्या बोअरचे क्षारयुक्त पाणी बॅटरीत घालणे म्हणजे तिला स्वतःच्या हाताने मारणे होय.

आता ज्या तपासणीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, तिच्याकडे वळू. माझ्या स्वतःच्या मारुती ८०० मध्ये मी एका वर्षात दोन बॅटऱ्या घातल्या आणि सेल्फही एकदा उघडून घेतला, तरी दुपारच्या वेळी ती सोलापुरातल्या सात रस्ता चौकात हमखास अडायची. शेवटी दोष निघाला तो इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या जाळीदार अर्थिंगच्या (विजेच्या परतीच्या वाटेच्या) पट्टीत; तिच्या बोल्टखाली गंज चढला होता आणि हाताने हलवून पाहिले तर ती घट्टच वाटत होती. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, मीटरला दिसतो. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावा. आकडा ०.२ व्होल्टपेक्षा फार वर गेला, तर अर्थिंगचा मार्ग खराब आहे. पॉझिटिव्ह टोकापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अशीच चाचणी केल्यास अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. दुरुस्ती सोपी आहे: प्रथम निगेटिव्ह टर्मिनल काढावे, सर्व जोड सोडवून काचपेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासावेत, पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावी, जोड घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा आणि निगेटिव्ह टर्मिनल सर्वांत शेवटी लावावे. पट्टीच्या तारा तुटलेल्या असतील तर ती बदलावी; तिची किंमत बॅटरीच्या तुलनेत नगण्य असते.

बॅटरी आणि तारा ठीक असूनही एकच जोरदार ‘खट्’ आवाज येऊन सेल्फ फिरत नसेल, तर सोलेनॉइडचे (सेल्फला वीज जोडून देणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असतात आणि ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही, अशी स्थिती असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल नाही, आणि त्यात ठिणगी तपासणे आधी सोयीचे. इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढून त्यांचा रंग पाहावा. फिकट तपकिरी प्लग निरोगी इंजिनाचा, कोरडा काळा काजळीचा थर जास्त पेट्रोलचा, ओला व पेट्रोलचा वास मारणारा प्लग इंजिनात पेट्रोल चढल्याचा आणि तेलकट काळा प्लग आत ऑइल येत असल्याचा पुरावा असतो. जुन्या मारुतींमध्ये प्लगचा गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारे जुन्या पद्धतीचे यंत्र असलेल्या) गाडीत एक जास्तीचा प्लग हाय टेन्शन वायरला, म्हणजे प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरला, लावून, त्याचा धातू इंजिनाला टेकवून आणि प्लग काढलेली छिद्रे व पेट्रोलची नळी यांपासून दूर ठेवून सेल्फ मारल्यास निळी, कडाडणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, मरगळलेली ठिणगी असेल तर डेल्कोचे (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डब्याचे) झाकण, त्यातला रोटर, वायर आणि ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल या क्रमाने पाहावे. झाकणाच्या आतील केसाएवढी चीर पावसाळ्यात ओल धरते आणि गाडी फक्त ओल्या दिवशीच अडते. पद्मिनी, अँबेसेडर यांसारख्या पॉइंटच्या (डेल्कोत उघडझाप करणाऱ्या कॉन्टॅक्टच्या) गाड्यांमध्ये पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान आणून त्याची तोंडे साफ केली, की निम्मी दुखणी तेथेच संपतात. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या नव्या पिढीच्या गाडीत, मात्र ठिणगीसाठी वायर उघडी धरू नये, तिचे कंट्रोल युनिट (इंजिन चालवणारा छोटा संगणक) जळू शकते. त्यासाठी मिळणारा स्पार्क टेस्टर वापरावा.

पेट्रोलच्या बाजूला दोन पिढ्यांच्या गाड्या वेगळ्या वागतात. एमपीएफआय गाडीत चावी फिरवताच मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची गूं-गूं ऐकू यायला हवी. ती येत असेल, पण सकाळी पहिल्या प्रयत्नात गाडी सुरू होत नसेल, तर सेल्फ न मारता चावी तीनदा चालू-बंद करून पाहावी. एवढ्याने ती चटकन सुरू झाली, तर रात्रीतून लाइनमधला दाब उतरत आहे आणि संशय पंपाच्या चेक व्हॉल्व्हवर (पेट्रोल मागे येऊ न देणाऱ्या झडपेवर) किंवा गळणाऱ्या इंजेक्टरवर जातो. कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण ओढला जातो का, त्याची केबल अडकली आहे का, हे एअर फिल्टर काढून डोळ्यांनी पाहावे. दोन्हींत पेट्रोल फिल्टर जुना असेल तर बदलून टाकावा, त्याची परीक्षा करत बसण्यात वेळ घालवू नये. आजच्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते, आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ते कोठून येते हे कोणाला सांगायला नको. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नाही आणि इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग दरवर्षी पाहावीत.

आता आपल्या उन्हाळ्याचे दुखणे. इंजिन बंद केल्यावर पाण्याचे आणि हवेचे फिरणे थांबते आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे बॉनेटखालचे तापमान कमी होण्याऐवजी वाढत जाते. कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाकडे जाणाऱ्या नळकांड्यात) उतरते आणि इंजिन ‘ओव्हर’ होते, म्हणजे त्यात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल चढते, किंवा पंप आणि नळीत वाफ धरून पेट्रोल पुढेच जात नाही. ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत. पेट्रोलचा वास येत असेल तर चोक न ओढता ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा, पंपासारखा मारू नये, आणि सेल्फ मारावा. वास अजिबात नसेल तर जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय करावा: ओले फडके पंपावर आणि नळीवर दहा मिनिटे ठेवावे. तरीही सुरू झाली नाही, तर चावी बंद ठेवून तेच फडके पिळून कॉइलच्या अंगावर, वायरचे तोंड टाळून, ठेवावे. त्यानंतर गाडी सुरू झाली तर गरम झाल्यावर कॉइल दगा देते हे कळले. एका वेळी एकच वस्तू थंड करावी, नाहीतर दोषी कोण ते समजणार नाही. कायमचा उपाय म्हणून कार्बोरेटरखालील उष्णता अडवणारे बेकेलाइटचे पॅकिंग जागेवर आहे का, वाटीत येणारे पेट्रोल रोखणारा नीडल व्हॉल्व्ह गळतो का आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते का, हे पाहावे. एमपीएफआय गाडी गरम झाल्यावर अडत असेल आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल, तर इंजिन फिरते आहे हे सांगणारा क्रँक सेन्सर आधी तपासावा; काटा हलत असेल पण पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर तपासावा, कारण तो बिघडला की कंट्रोल युनिट तापलेल्या इंजिनालाही थंड समजून भरपूर पेट्रोल सोडते.

डिझेल गाडी सकाळी पांढरा धूर सोडत अडत असेल तर ग्लो प्लग (सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे), आणि दिवसभरात केव्हाही अडत असेल तर लाइनमध्ये शिरलेली हवा, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

हे सर्व करूनही काही सापडले नाही, तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यावे. सिलिंडरांमधील आकड्यांत मोठी तफावत असेल, तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वर गेला तर रिंग झिजल्या आहेत, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेले आहे. तेव्हा बॅटरी, प्लग आणि कार्बोरेटर यांवर आणखी खर्च न करता, इंजिन उघडायचे की गाडी विकायची, याचा हिशेब मांडावा.