घरच्या पोहण्याच्या तलावाची निगा आणि हिरव्या पाण्यावरचा इलाज

पंचगंगेत किंवा मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला घरच्या तलावाबाबत एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी लागते. नदी वाहती असते आणि विहिरीला झरे असतात. अंगणातल्या टाकीत मात्र तेच पाणी महिनोन् महिने राहते, त्याला हलते ठेवण्याचे काम पंपाने करायचे असते आणि निर्जंतुक ठेवण्याचे काम क्लोरीनने. पाणी बिघडले, तर बाजारातून आणखी एखादे औषध आणण्याआधी त्याची तपासणी करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झालेली आहे.

आमचा तलाव 6 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल आहे, म्हणजे त्यात सुमारे 22,500 लिटर पाणी मावते. हा आकडा प्रत्येकाने आपापल्या तलावापुरता काढून पंपाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावा, कारण औषधाची सगळी मापे त्यावरच ठरतात. एका उन्हाळ्यात वळीव पडून गेल्यावर पाण्याला हिरवट झाक आली. मी चार दिवस रोज क्लोरीन टाकत राहिले आणि पाणी अधिकच हिरवे होत गेले. अखेर तपासणीच्या संचातली छोटी नळी पाण्याने भरून तिच्यात फिनॉल रेडचे थेंब सोडले, तेव्हा केशरी रंगाऐवजी गर्द जांभळट गुलाबी रंग आला. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, 8.2 पर्यंत चढला होता. साध्या पाण्यात पीएच 7.5 असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारण्याच्या स्वरूपात असतो. पीएच 8 झाला की तो पाव भागाच्या आसपास येतो. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच वाढवते, आणि मी टाकत असलेली कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडरही तो वरच ढकलत होती.

म्हणून आधी पीएच 7.2 ते 7.4 वर आणावा. त्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड बादलीभर पाण्यात थोडे थोडे सोडून, पंप चालू ठेवून तलावाच्या कडेने ओतावे; ॲसिडवर पाणी कधीही ओतू नये. त्यानंतर भिंती, पायऱ्या आणि विशेषतः शिडीमागचा भाग ब्रशने घासावा, कारण शेवाळाचा बुळबुळीत थर सुटल्याशिवाय क्लोरीन त्याच्या मुळाशी पोहोचत नाही. दिवस मावळल्यावर, ऊन क्लोरीन खाऊन टाकणार नाही अशा वेळी, 65 टक्के क्षमतेची पावडर वापरावी. आमच्या तलावाला सुमारे 350 ग्रॅम लागते आणि त्याने क्लोरीनचे प्रमाण दर लिटरला 10 मिलिग्रॅमने वाढते. रात्रभर पंप चालू ठेवून सकाळी पुन्हा तपासावे. क्लोरीन नाहीसे झालेले दिसले, तर शेवाळ अजून जिवंत आहे असे समजून तेच पुन्हा करावे. मेलेल्या शेवाळाने पाणी दुधाळ होते. त्याने घाबरून जाऊ नये, ते फिल्टरने गाळून घ्यायचे असते. क्लोरीन 3 मिलिग्रॅमच्या खाली उतरेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.

एरवी क्लोरीन 1 ते 3 मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.8 या मर्यादेत राहिला तर पुरते. क्षारता 80 ते 120 मिलिग्रॅम असावी. ती कमी असली की पीएच एका जागी ठरत नाही, आणि मग खाण्याचा सोडा टाकावा लागतो. आमच्या तलावात 380 ग्रॅम सोड्याने ती साधारण 10 ने वाढते. तलावात उग्र वास येऊ लागला की क्लोरीन जास्त झाले असे बहुतेकांना वाटते, पण तो वास घाम आणि लघवीशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो. त्यावर क्लोरीन वाढवणे हाच उपाय आहे.

आता फिल्टर. सँड फिल्टर स्वच्छ असताना प्रेशर गेजवर किती दाब दिसतो तो टिपून ठेवावा आणि दाब त्यापेक्षा 8 ते 10 पीएसआयने वाढला की बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळूत अडकलेला गाळ बाहेर काढावा. फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची दांडी फिरवण्यापूर्वी पंप बंद करावाच, नाहीतर आतली रबरी चकती निखळते. काचेच्या छोट्या खिडकीत पाणी आधी चहासारखे आणि मग स्वच्छ दिसू लागले की थांबावे, अर्धा मिनिट रिन्सवर (पाणी वाळूतून सरळ दिशेने जाऊन बाहेर पडते त्या जागी) चालवावे आणि मगच फिल्टरवर परत यावे. रिन्स टाळली तर उरलेला गाळ पुन्हा तलावात येतो.

कोल्हापूरकरांना ऊस तोडणीच्या हंगामात आणखी एक त्रास असतो. शिवारात पाचट पेटवले की रात्री काजळी उडत येते आणि सकाळी पाण्यावर काळ्या, पातळ पापुद्र्यांचा थर तरंगत असतो. कोणी पाण्यात उतरण्याआधी तो जाळीने अलगद उचलून घ्यावा, कारण पापुद्रे चुरगळले की टाइल्सवर डाग पडतात आणि बारीक भुकटी फिल्टरमध्ये जाऊन बसते. पाण्याची पातळी स्किमरच्या, म्हणजे वर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खाचेच्या, तोंडाच्या निम्म्यावर असेल तर बराचसा थर आपोआप ओढला जातो; अशा दिवसांत स्किमरची टोपली रोज रिकामी करावी.

औषधांच्या साठवणीत निष्काळजीपणा चालत नाही. टीसीसीए या दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या वड्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आल्यास आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो, आणि क्लोरीनवर ॲसिड पडले तर विषारी वायू निघतो, म्हणून या तिन्हींचे डबे, चमचे आणि बादल्या कायम वेगळ्या ठेवाव्यात.

पाणी कमी होत असल्यास पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून आत आणि बाहेर पातळीच्या खुणा कराव्यात. एका दिवसानंतर तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल तरच गळतीचा शोध घ्यावा. जमिनीला पाझर फुटतो अशा पावसाळ्यात मात्र डागडुजीसाठी तलाव कधीही पूर्ण रिकामा करू नये. भूजलाचा दाब खालून येऊन रिकामी टाकी वर उचलली जाते किंवा तिला तडे जातात. ते काम उन्हाळ्यासाठी राखून ठेवावे.