रनअप आधी पक्का करा

परभणी-जालन्याकडच्या काळ्या मातीच्या मैदानावर वेगवान गोलंदाजाने आधी रनअप, म्हणजे चेंडू टाकण्याआधीची धाव, बसवावा. क्रीजवरून फलंदाजाकडे पाठ करून धावा. जिथे चेंडू टाकायची उडी आपसूक येईल तिथे सोबत्याला खूण करायला सांगा. असं सहा वेळा. खुणा जिथे दाटतील ते अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. थकल्यावर पावलं आखडतात, मोजलेलं अंतर कमी भरतं आणि मग नो-बॉल पडतात. पुढच्या पायाचा काही भाग तरी पॉपिंग क्रीजमागे (स्टंपांपुढच्या आडव्या रेषेमागे) हवाच. भेगाळलेल्या जमिनीत घोटा मुरगळतो, म्हणून पाय पडतो ती जागा आदल्या संध्याकाळी पाणी मारून, वाफसा आल्यावर रोलरने दाबा. उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत उरका. कंबर एकाच बाजूला दुखतेय? बाम चोळत बसू नका, गोलंदाजी थांबवून डॉक्टर गाठा. पंधरा-सोळाच्या पोरांत मणक्याला बारीक तडा गेलेला असू शकतो.