जुनी पेटी, तबला घेताय? या चुका टाळा, नाहीतर वर्षभर भांडत बसाल

आमच्याकडं बैल घ्यायला गेलेला माणूस आधी दात पाहतो, मग खुरं पाहतो, मग म्हणतो जरा जुंपून दाखवा, आणि एवढं करूनही घरी आल्यावर बायकोला विचारतो, फसलो का वं मी? तोच माणूस भजनी मंडळासाठी जुनी पेटी घ्यायला गेला की दोन मिनिटं सारेगम वाजवतो, पॉलिश पाहून खुश होतो, पैसे मोजतो, चहा पितो न् निघतो. मी पण त्यातलाच, म्हणून लिहून राहिलो.

आमच्या मंडळानं वर्गणी करून १४ हजारात डबल सुराची (एका पट्टीमागं दोन सूर, म्हणजे हवेनं वाजणाऱ्या दोन पितळी जिभा) जुनी पेटी घेतली, पलीकडच्या तालुक्यातल्या एका घरून, दुकानातून नाही. कार्तिकातला काकडा तोंडावर, म्हणून घाई. त्यांच्या अंगणात कापसाची मोजणी चालू होती, बायांची कलकल, पोट्ट्यांचा धिंगाणा, आत टीव्ही, आणि त्या गोंगाटात पेटी मस्त वाजली. दुसऱ्या दिवशी पहाटे ४ ला देवळात चिडीचूप असताना भाता मारला तर कोणी बोट न लावता काळी ४ (चौथी काळी पट्टी) गुणगुणायला लागली. नंतर कारागिरानं नीट पाहिली तेव्हा कळलं, ज्या फळीवर सूर बसवलेले असतात त्या फळीलाच भेग होती, त्यात एमसील भरलेलं आणि वरून झकास पॉलिश. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "म्या देल्ली तवा चांगली होती, तुमीच पिकपमंधी आदळत नेली त म्या काय करू?"

आता या उत्तराला तुमच्याकडं काय आहे? आमच्याकडं काहीच नव्हतं.

गोंगाटात वाजवून पाहणं

पहिली चूक ही. पेटी शांत खोलीत पाहा, पंखा पण बंद करायला लावा, लाजायचं नाही. सगळे स्टॉप (सुरांकडं हवा सोडणाऱ्या समोरच्या खुंट्या) बंद करून भाता दाबून पाहा, हाताला विरोध जाणवला पाहिजे, भाता हळूहळू ढिला पडत असेल तर हवा कुठंतरी सुटते (कधी कधी उंदरानं मागून भाता कुरतडलेला असतो आणि वरून रेक्झिन चिकटवलेलं असतं, तिथं बोट फिरवून पाहा). मग स्टॉप उघडा पण एकही पट्टी दाबू नका, आणि नुसतं ऐका. काही आपोआप बोललं तर एकतर पट्टीखालचं फेल्ट-चामडं खाल्लेलं आहे, हे स्वस्तात होतं, नाहीतर आमच्यासारखी फळी गेलेली आहे, हे महागात पडतं. मग एकेक स्टॉप वेगळा ठेवून प्रत्येक पट्टी, काळ्या सुद्धा, आधी हळू हवेनं आणि मग जोरात. घुर्र असा आवाज आला तर बहुतेक सुरात कचरा अडकलाय, तो साफ होतो, पण जोरात हवा दिल्यावर सूर एकदम घसरत असेल तर सुराची पितळी जीभ चिरलेली असू शकते, ती बदलावीच लागते.

मोबाईलवर ट्युनरचं फुकट ॲप टाकून न्या. मधल्या सप्तकातली पांढरी ६ साधारण ४४० हर्ट्झ दाखवायला पाहिजे. आता सगळी पेटीच सारखी चढी किंवा उतरी असेल तर भजनाला काही बिघडत नाही, पण ३७-३९ पट्ट्यांतल्या दोन-तीनच बाकीच्यांपासून लांब पळत असतील तर तिथं काहीतरी झालंय. आणि वरचं झाकण उघडून दाखवायला सांगाच, जमलं तर एक-दोन सूर बाहेर काढून. सुराच्या जिभेवर घासल्याच्या खूप चमकत्या रेघा दिसल्या तर ती पेटी पुन्हा पुन्हा सुरात आणलेली आहे, कारण टोकाकडं घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि दर वेळी धातू तेवढा पातळ होतो. लाकडाला टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा म्हणजे किडा. डांबरगोळीचा वास चालतो. जुन्या पेटीला ताज्या पॉलिशचा वास येत असेल तर मात्र विचारा, आत्ताच का केलं बुवा?

तबल्याचं थोडक्यात. पुडी (वरचं कातडं), शाई (त्यावरचा काळा गोल), वादी (ते ताणायची चामड्याची पट्टी) याच्यावर भांडू नका, ते झिजणारंच, टायर झिजल्यासारखं. खोडाची (तबल्याच्या लाकडाची) भेग वादीच्या आड लपते, टॉर्च मारून वाद्यांच्या मधून पाहा. डग्गा तांब्याचा म्हणून विकत असेल तर खिशात लोहचुंबक ठेवा, चिकटलं म्हणजे लोखंड. (नाही चिकटलं म्हणजे तांबंच असं नाही बरं, पितळेला न् ॲल्युमिनियमला पण चिकटत नाही.) खंजेरीचं एक वेगळंच, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनामुळं आपल्याकडं खंजेरीला घरातल्या देवासारखा मान, पण जुन्या खंजेरीला घोरपडीचं कातडं असेल तर ती घेऊच नका, घोरपड वन्यजीव कायदा १९७२ मध्ये संरक्षित आहे, तिथं तक्रार करायला गेलेलाच अडकेल.

झाडीपट्टीकडचा (पूर्व विदर्भातल्या नाटकांत वाजलेला) कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काडीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) मिळत असेल तर एवढंच ध्यानात ठेवा की नाटकाच्या सिझनला त्यानं रोज रात्रभर काम केलेलं असतं. सगळी बटणं दाबा, सेलची जागा उघडून गंज पाहा, आणि अर्धा तास चालू ठेवा, गरम झाल्यावरच खरा आजार दिसतो.

तोंड न उघडणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि भांडण इथंच हरलं जातं, नंतर नाही. आपल्याला वाटतं की समोरच्यानं दोष सांगितला नाही म्हणजे त्यानं फसवलं. कायदा असं म्हणत नाही राजेहो. करार कायदा १८७२ च्या कलम १७ मध्ये घोड्याचं उदाहरणच दिलेलं आहे. एकानं लिलावात घोडा विकला, त्याला माहीत होतं की घोड्यात खोट आहे, पण तो काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणाऱ्यानं तोंडावर म्हटलं की "तुम्ही नाही म्हटलं नाही तर मी घोडा चांगला आहे असंच धरतो" आणि तरी विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच धरलं जातं. एका वाक्याचा फरक आहे! आणि मालविक्री कायदा १९३० चं कलम १६ पण घरगुती विक्रीत मालाच्या दर्जाची हमी आपोआप धरत नाही, धंदा म्हणून विकणाऱ्याची गोष्ट वेगळी.

म्हणून पैसे द्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर एवढं टाका: "पेटीला आतून भेग नाही, फळी जोडलेली नाही, सूर बदललेले नाहीत असं धरून मी १४ हजाराला घेतो, काही वेगळं असेल तर आत्ताच सांगा." त्यानं "हो भाऊ" म्हटलं तर उत्तम. नुसत्या निळ्या टिका आल्या तर पैसे खिशातच ठेवा आणि फोन करून उत्तर घ्या. तो चिडला तर? चिडू द्या, बैलाचे दात पाहताना बैलवाला चिडतो का?

नुसतं गप्प राहणं वेगळं आणि भेग बुजवून वर पॉलिश मारणं वेगळं, हे दुसरं म्हणजे मुद्दाम लपवणं, ते कलम १७ मध्ये सरळ बसतं. पण त्याला ते माहीत होतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. आमच्या विकणाऱ्यानं पण ती पेटी तशीच दुसऱ्याकडून घेतली होती, म्हणजे एमसील कोणी भरलं देव जाणे. शिवाय कलम १९ मध्ये एक पाचर आहे, विकणारा नुसता गप्प होता किंवा चुकून चुकीचं बोलला, आणि साधी काळजी घेतली असती तर तुम्हाला खरं कळलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. म्हणजे झाकण उघडून न पाहिल्याचा दोष तुमच्या गळ्यात.

हवा-पाण्याचा हिशोब न धरणं

आपल्याकडं विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लाकूड आकसतं, जोड उघडतात. श्रावणात तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकायला लागतात. म्हणजे पावसाळ्यात घेतलेल्या पेटीची फट उन्हाळ्यात दिसणार आणि उन्हाळ्यात घेतलेल्या पेटीच्या अडकणाऱ्या पट्ट्या आषाढात. विकणारा खोटाच असेल असं नाही, त्याच्या घरी ती खरंच बरी वाजत असेल. भेग नवी की जुनी हे बहुतेक वेळा कळतं, नव्या भेगेतलं लाकूड आतून उजळ दिसतं, जुन्या भेगेत धूळ, मेण, पॉलिश गेलेलं असतं.

आणि इथंच आम्ही दुसरी माती खाल्ली.

घरीच उघडून बसणं

काळी ४ गुणगुणली तशी आमच्यातल्या एका हुशारानं पेचकस आणला, फळी काढली, दोन सूर उलटे बसवले, भेगेतली धूळ फडक्यानं पुसली. झालं. जुनी धूळ हाच आमचा पुरावा होता आणि तो फडक्याला लागून गेला. तुम्ही असं करू नका. आवाजाचा व्हिडिओ काढा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला पाठवा, "येऊन पाहा, तुमच्यासमोर उघडू" असं लिहा, आणि दोघांना मान्य असलेल्या कारागिराकडं जाऊन उघडा. कारागिराकडून कागदावर घ्या: काय दोष, जुना की नवा, कशावरून, खर्च किती. वाहतुकीवर बोट ठेवलं जाणारच, म्हणून निघायच्या आधी त्याच्याच घरी सगळ्या पट्ट्या वाजवतानाचा एक सलग व्हिडिओ पाहिजे, आणि पिकपमध्ये पेटी गादीवर, भाता बांधून.

"ग्राहक मंचात खेचतो" ही धमकी देऊ नका, ती पोकळ आहे. २०१९ चा ग्राहक कायदा धंदेवाल्यासाठी, घरची एक जुनी पेटी विकणाऱ्यासाठी नाही (तो दर महिन्याला जुन्या पेट्या घेऊन विकत असेल तर गोष्ट वेगळी). पोलीस बहुतेक दिवाणी बाब म्हणून हात जोडतात, आणि दिवाणी कोर्टात १४ हजारासाठी तारखा घेत तालुक्याला चकरा मारायच्या का हे ज्याचं त्यानं ठरवावं, मी मारणार नाही.

आम्ही शेवटी त्यांच्या गावच्या तंटामुक्ती (गावातले तंटे गावातच मिटवणाऱ्या) समितीच्या अध्यक्षाला धरलं. ती मोहीम २००७ ची, आता बऱ्याच गावात समिती नावालाच उरली, पण अध्यक्ष गावातलाच असला की त्याच्या ओट्यावर माणूस येतो तरी. तिथं पहिल्यांदा विकणाऱ्यानं पेटी उघडून पाहिली, भेग पाहिली, आणि खाली पाहत म्हणाला, "मले खरंच नोयतं मालूम." मला ते खरं वाटलं. दुरुस्तीचे ५ हजार लागत होते, अडीच त्यानं द्यायचे ठरले, आणि ते कागदावर घेतलं, तारीख, रक्कम, दोघांच्या आणि अध्यक्षाच्या सह्या, "यापुढे या पेटीबद्दल कोणाची तक्रार नाही" हे वाक्य त्यानं आग्रहानं घालून घेतलं. त्याचं बरोबरच होतं, कारण पुढच्या आषाढात काळी २ अडकायला लागली, न् आम्हाला फोन करता आला नाही.