लेखन केंद्रात येताना पेन तुमचंच आणा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात खिडकीजवळ दोन टेबलं आणि चार खुर्च्या टाकल्यात. तेच आमचं लेखन केंद्र. आठवड्यातून तीन दुपारी मी तिथं बसते. येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, जरा तपासून देता?" तपासून देत नाही. तुमच्याबरोबर बसून वाचते.

पहिल्या वर्षी एका मुलीचा अख्खा प्रकल्प मी लाल पेनानं सुधारला होता. तोंडी परीक्षेत तिला विचारलं, "हे 'अन्योन्याश्रित' म्हणजे काय गं?" शब्द माझा होता. ती गप्प. तेव्हापासून लाल पेन घरीच असतं.

तर येताना सबमिशनच्या आदल्या दिवशी येऊ नका, आठवडाभर आधी या. सरांनी दिलेला प्रश्न जसाच्या तसा आणा, कच्चं लिखाण आणा (अर्धं पानही चालतं) आणि कुठं अडलंय ते एका वाक्यात सांगा. "सगळंच बघा" म्हणालात तर काहीच नीट बघून होत नाही.

मग पहिलं पान मोठ्यानं वाचायचं. तुम्ही, मी नाही. करवीर तालुक्यातल्या एका पोराचा प्रकल्प गुऱ्हाळांवर होता. सुरुवात काय, तर 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' दीड पान झालं तरी ऊस आलाच नव्हता. गुऱ्हाळ होतं, पण शब्दांचं. म्हटलं, वही मिट आणि तिथं काय बघितलंस ते सांग. "काहिलीजवळ एक म्हातारा गुळव्या होता, मॅडम, गूळ शिजवणारा. नवीन पोरं आगीजवळ उभी राहायला तयार न्हाईत. गुळव्याच मिळंना, म्हणून शेजारचं गुऱ्हाळ बंद पडलं." हे लिखाणात कुठंय? सातव्या पानावर, कंसात. ते त्यानंच उचलून पहिल्या पानावर आणलं आणि कृषिप्रधान देश काढून टाकला. मी फक्त विचारत होते. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी बघायचं. जे वाक्य उडणारच आहे त्याची वेलांटी सुधारून काय उपयोग?

पीएचडीवाले येतात ते बहुतेक प्रबंधातला मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल घेऊन. "टक्के कमी करून द्या." यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. म्हणून लोक 'महत्त्वाचे'च्या जागी 'महत्त्वपूर्ण' घालत बसतात. तसं करू नका. मूळ पान पालथं घाला, त्यात काय म्हटलंय ते मला तोंडी सांगा, सांगितलं तसं लिहा आणि संदर्भ द्या. इंग्रजीत संदर्भ कसे लिहायचे ते अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाच्या ऑनलाइन लेखन प्रयोगशाळेत फुकट बघायला मिळतं. १९९४ पासून ती चालू आहे.

इथं झालेलं बोलणं तुमच्या सरांपर्यंत जात नाही. तुम्हीच म्हणालात तर तुम्ही आला होता एवढं कळवते.

प्राध्यापकांनो, तुम्हीही या, फक्त प्रश्न वर्गात देण्याआधी या. 'कोल्हापूरच्या गूळ उद्योगाचा आढावा घ्या' असं विचारलं की साठ वह्यांत एकच नेटवरचा उतारा येणार. एका सरांबरोबर बसून आम्ही तो असा बदलला: 'शाहू मार्केट यार्डातला गुळाचा एक सौदा उभं राहून बघा. भाव कोण ठरवतं, ते दोन पानांत मांडा. आधी कच्चं लिखाण, पंधरा दिवसांनी पक्कं.' कच्च्यावर तीनच शेरे लिहायचे ठरलं, तेही मजकुरावर.

आता सरांची तक्रार आहे की वह्या वाचायला फार वेळ लागतो, प्रत्येकाचं वेगळंच असतं.